भूलयंत्राची जडणघडण आणि रुग्णाची सुरक्षितता

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी काचेच्या गोल पात्रातून ईथरची वाफ देऊन एका रुग्णास बेशुद्ध केले आणि त्याच्यावर वेदनारहित शस्त्रक्रिया करून दाखविण्यात आली. वैद्यकाच्या इतिहासात या प्रयोगाचे वर्णन वेदनेवरील विजय म्हणून केले जाते, व ते यथार्थही आहे. तथापि त्याच दिवशी रुग्ण, वैद्य आणि उपकरण यांच्यामध्ये एक नवा संबंध निर्माण झाला, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. जागा मनुष्य गुदमरू लागला तर धडपड करतो, तोंडावरील आवरण दूर लोटतो, हाका मारतो. भूल दिलेल्या मनुष्याला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याचा श्वास उपकरणावर अवलंबून असतो आणि ते उपकरण दुसऱ्याच्या हाती असते. उपकरणात दोष असला किंवा ते चालविणाऱ्याकडून चूक झाली, तर तक्रार करण्याची शक्ती ज्याचे नुकसान होत आहे त्याच्याच ठिकाणी नसते.

या परिस्थितीतून एक प्रश्न उद्भवला. रुग्णाच्या जिवाची हमी कोठे असावी? ती भूल देणाऱ्याच्या दक्षतेत असावी, की त्याच्या हातातील उपकरणाच्या घडणीत? या प्रश्नाची उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशी बदलत गेली आणि त्या बदलांमागे कोणती कारणे होती, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. रुमाल की उपकरण?

मॉर्टन यांच्या प्रयोगानंतर अवघ्या काही महिन्यांत, म्हणजे १८४७ मध्ये, लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी ईथर देण्याचे एक उपकरण तयार केले. द्रवाची वाफ किती होईल हे तपमानावर अवलंबून असते, हा पदार्थविज्ञानातील नियम त्यांनी जाणला होता. म्हणून त्यांनी ईथरचे पात्र पाण्यात ठेवण्याची योजना केली. पाण्याचे तपमान ठाऊक असले म्हणजे रुग्णाच्या श्वासात जाणाऱ्या वाफेच्या प्रमाणाचा अंदाज बांधता येतो, अशी त्यामागील कल्पना होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरोचे जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. क्लोरोफॉर्मला उपकरणाची गरज नव्हती. रुमालावर थोडे द्रव ओतून तो नाकाशी धरला की काम भागत असे. या सोयीमुळेच त्याचा प्रसार झपाट्याने झाला, आणि त्याचा धोकाही याच सोयीत दडलेला होता. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म देताच दगावली.

रुमालावरील द्रवातून किती वाफ रुग्णाच्या श्वासात जाईल हे दैवाधीन राहते, असा स्नो यांचा आक्षेप होता. १८६२ मध्ये जोसेफ क्लोव्हर यांनी याच विचाराला मूर्त रूप दिले. एका मोठ्या पिशवीत हवा आणि क्लोरोफॉर्म यांचे मोजून केलेले मिश्रण भरावयाचे, क्लोरोफॉर्मचे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास ठेवावयाचे आणि रुग्णाला त्याच पिशवीतून श्वास घेऊ द्यावयाचा, अशी ही योजना होती. भूल देणारा कितीही घाईत असला तरी पिशवीत भरलेल्या प्रमाणापेक्षा तीव्र मिश्रण रुग्णापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

याच्या उलट मत एडिंबरोच्या परंपरेचे होते, आणि त्याचा सर्वांत आग्रही पुरस्कार भारतात, हैदराबाद संस्थानात झाला. आजचा मराठवाडा त्या काळी याच संस्थानात मोडत असे. तेथील वैद्यकीय अधिकारी एडवर्ड लॉरी हे एडिंबरोत शिकलेले होते. उपकरणाची आवश्यकता नाही, रुग्णाच्या श्वासावर अखंड नजर ठेवली म्हणजे क्लोरोफॉर्म निर्धोक ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. निजामाच्या आश्रयाखाली १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले. प्राण्यांवरील पुष्कळ प्रयोगांनंतर आयोगाने असा निष्कर्ष काढला की, क्लोरोफॉर्मने श्वास आधी थांबतो व हृदय मागाहून, म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवणे पुरेसे आहे. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, भूल हलकी असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू ओढवू शकतो. अशा मृत्यूत श्वास आधी मंदावण्याची पूर्वसूचना मिळतेच असे नाही. ज्या खुणेवर दक्षतेची सारी भिस्त होती ती खूण काही प्रसंगी उमटतच नाही, हे यावरून सिद्ध झाले. लॉरी यांच्या अनुभवात वा निष्ठेत उणीव होती असे म्हणता येत नाही. उणीव होती ती केवळ दक्षतेला सर्वस्व मानणाऱ्या भूमिकेत.

२. बॉइल यांचे यंत्र

विसाव्या शतकाच्या आरंभी दाबाखाली साठविलेले वायू सिलिंडरमधून सहज मिळू लागले आणि हातात धरावयाच्या उपकरणाची जागा उभ्या यंत्राने घेतली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमधील हेन्री एडमंड गॅस्किन बॉइल यांनी १९१७ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञ ग्वाथमी यांच्या यंत्राच्या आधारे आपले यंत्र सिद्ध केले. त्यात प्राणवायू आणि नायट्रस ऑक्साइड हे दोन वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुड्यांच्या रूपाने जात. बुडबुडे किती छिद्रांतून निघतात हे पाहून प्रवाहाचा अंदाज घ्यावयाचा असे. वाटेतील बाटलीतून ईथरची वाफ मिसळण्याची सोय होती. हे यंत्र पुढे इतके रूढ झाले की, भारतातील शस्त्रक्रियागृहांत कित्येक दशके कोणत्याही भूलयंत्रास ‘बॉइल्स मशीन’ असेच म्हटले जाई.

या यंत्राने भूल देण्याच्या कलेला मापाची जोड दिली. परंतु त्याने एक नवीन धोकाही शस्त्रक्रियागृहात आणला. रुमाल व क्लोरोफॉर्म यांच्या पद्धतीत रुग्ण निदान हवा तरी घेत असे, आणि हवेत सुमारे एकवीस टक्के प्राणवायू असतोच. बॉइल यांच्या यंत्रातून रुग्णाला मिळणारा श्वास मात्र संपूर्णतः सिलिंडरमधून येत असे. दोन सिलिंडरची अदलाबदल झाली, वा प्राणवायूचा सिलिंडर संपल्याचे ध्यानात आले नाही, तर रुग्ण शुद्ध नायट्रस ऑक्साइड घेत राही. हा वायू रंगहीन असून त्याचा वास सौम्य आहे. डोळ्यांना व नाकाला काही कळण्यापूर्वीच काही मिनिटांत मेंदूची कायमची हानी होऊ शकते.

३. रंग आणि खुंट्या

अदलाबदल टाळण्याचा पहिला उपाय म्हणून सिलिंडर रंगविण्यात आले. ब्रिटनमध्ये व तेथील प्रथेनुसार भारतात प्राणवायूच्या सिलिंडरचे अंग काळे व खांदा पांढरा, तर नायट्रस ऑक्साइडचा सिलिंडर निळा असे. अमेरिकेत प्राणवायूसाठी हिरवा रंग ठरला. जर्मनीत तर प्राणवायूचा रंग दीर्घकाळ निळा होता. म्हणजे एका देशात जो रंग जीवनदायी वायूचा, तोच दुसऱ्या देशात भुलीच्या वायूचा. शिवाय रंग उडतो, मळतो, अंधुक प्रकाशात नीट दिसत नाही, आणि काही व्यक्तींना रंगांतील भेदच उमगत नाही. रंग ही सूचना आहे. ती वाचणे वा न वाचणे माणसाच्या हाती राहते.

१९५२ मध्ये अमेरिकेत स्वीकारल्या गेलेल्या आणि १९५५ मध्ये ब्रिटिश मानकात समाविष्ट झालेल्या खुंट्यांच्या योजनेने यापुढचे पाऊल टाकले. सिलिंडर यंत्रावर ज्या चौकटीत अडकवितात तिला योक म्हणतात. या योजनेत योकमध्ये दोन लहान पोलादी खुंट्या आणि सिलिंडरच्या झडपेवर त्यांच्या जोडीची दोन छिद्रे असतात. वायू बाहेर पडण्याच्या तोंडाखाली एका कमानीवर सहा स्थाने कल्पिली असून प्रत्येक वायूस त्यांतील दोन स्थाने नेमून दिली आहेत. प्राणवायूला दुसरे व पाचवे, नायट्रस ऑक्साइडला तिसरे व पाचवे, सायक्लोप्रोपेनला तिसरे व सहावे. चुकीचा सिलिंडर योकमध्ये घट्ट बसतच नाही. येथे वाचण्याचा वा आठवण्याचा प्रश्न उरत नाही. मध्यरात्री, दिवा गेलेला असताना, थकलेल्या हातांनी सिलिंडर बदलणाऱ्या परिचरालासुद्धा खुंट्या अडवितात. जी सावधगिरी एरवी माणसाच्या मनात राहावयाची, ती येथे लोखंडात उतरली.

या योजनेच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. खुंटी मोडली, किंवा झडप व योक यांच्यामध्ये एकाऐवजी दोन वॉशर घातले, तर चुकीचा सिलिंडरही बसविता येतो, असे अनुभवास आले. ही योजना यंत्रावरील लहान सिलिंडरपुरतीच होती. पुढे मोठ्या रुग्णालयांत वायू भिंतीतील नळांतून येऊ लागले, तेव्हा नळांची जोडणी करतानाच प्राणवायू व नायट्रस ऑक्साइड यांची अदलाबदल होऊन रुग्ण दगावल्याच्या घटना भारतासह अनेक देशांत घडल्या. खुंट्या ज्या चुकीसाठी घडविल्या होत्या तिलाच त्या अडवीत होत्या. भिंतीमागील चुकीशी त्यांचा संबंध नव्हता.

४. प्रवाहमापकाचा क्रम

बुडबुडे मोजण्याच्या पद्धतीची जागा ब्रिटनमध्ये १९३७ पासून रोटामीटरने घेतली. वरच्या बाजूस किंचित रुंद होत जाणाऱ्या काचेच्या उभ्या नळीत एक हलकी फिरकी वायूच्या प्रवाहावर तरंगत राहते. तिच्या उंचीवरून प्रवाहाचे माप कळते. हे साधन अचूक व वाचण्यास सुलभ होते. परंतु त्यातही चुका शिरण्यास वाव होता. प्रवाह कमाल मर्यादेपलीकडे गेला की फिरकी नळीच्या माथ्याशी जाऊन दिसेनाशी होई, आणि नळी रिकामी, म्हणजे प्रवाह बंद, असा पाहणाऱ्याचा समज होई. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हा समज विशेष घातक होता. यावर उपाय म्हणून फिरकी माथ्याशी पोहोचली तरी दृष्टीआड होणार नाही अशी अटकाव करणारी तार बसविण्यात आली. पाहणाऱ्याने अधिक बारकाईने पाहावे असा उपदेश करण्याऐवजी पाहावयाची वस्तूच डोळ्यांसमोर ठेवण्यात आली.

याहून सूक्ष्म दोष नळ्यांच्या क्रमात होता. ब्रिटिश पद्धतीच्या यंत्रावर प्राणवायूची नळी डाव्या टोकाला असे, आणि सर्व वायू उजवीकडील निर्गमाकडे वाहत. मधल्या एखाद्या नळीला तडा गेला, तर उजवीकडून येणाऱ्या नायट्रस ऑक्साइडच्या प्रवाहाच्या रेट्यामुळे प्राणवायू त्या तड्यातून बाहेर निसटे, आणि रुग्णाकडे जाणाऱ्या मिश्रणात त्याची तूट पडे. मापकावरील आकडे मात्र बिनचूक दिसत. १९६३ मध्ये एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धोका स्पष्टपणे मांडला. प्राणवायू सर्वांत शेवटी, निर्गमाच्या अगदी जवळ मिसळला, तर तडा कोणत्याही दुसऱ्या नळीला गेला तरी निसटेल तो अन्य वायू, हा त्यावरील साधा उपाय होय. अमेरिकेत त्यासाठी प्राणवायूची नळीच उजव्या टोकाला नेली गेली. ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांच्या हाताला लागलेली डावीकडची सवय मोडू नये म्हणून नळी जागेवर ठेवून आतील मार्ग बदलण्यात आला. जुनी सवय मोडणे हेही चुकीचे निमित्त होऊ शकते, ही जाण या निवडीत दिसते. प्राणवायूच्या झडपेची मूठ इतरांहून मोठी, पुढे आलेली व खाचा पाडलेली करण्यात आली, ती न पाहता केवळ स्पर्शाने ओळखू यावी म्हणून.

५. चूक कोणाची?

वरील सुधारणा एकेका अपघाताच्या अनुषंगाने झाल्या. त्यांच्यामागील तत्त्वाची स्वतंत्र मांडणी प्रथम वैमानिकांच्या क्षेत्रात झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बी-१७ विमाने उतरल्यानंतर वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाकेच आत घेत, असे वारंवार घडे. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपानिस यांनी दाखवून दिले की, या दोन्हींच्या कळी शेजारीशेजारी व एकसारख्या होत्या. एका कळीला चाकाचा व दुसरीला पंखाच्या झडपेचा आकार दिल्यास बोटांनाच भेद कळेल, ही त्यांची सूचना होती. १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेल्या ४६० प्रसंगांचे विश्लेषण करून त्यांतील पुष्कळ चुकांचे मूळ नियंत्रणांच्या रचनेत असल्याचे निदर्शनास आणले. १९५४ मध्ये फ्लॅनगन यांनी अशा गंभीर प्रसंगांची माहिती गोळा करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली.

योगायोग असा की, त्याच १९५४ मध्ये बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील ५,९९,५४८ भुलींचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या गणनेप्रमाणे सुमारे १,५६० भुलींमागे एक मृत्यू भुलीशी निगडित होता. मृत्यूंची संख्या यावरून कळली. परंतु अपघात प्रत्यक्षात कसा घडतो हे मृत्यूंच्या संख्येवरून कळत नाही. ते काम मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील अभियंता जेफ्री कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. फ्लॅनगन यांची पद्धत घेऊन त्यांनी ४७ मुलाखतींतून टाळता येण्याजोगे ३५९ प्रसंग गोळा केले, आणि १९७८ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांपैकी ८२ टक्के प्रसंगांत मानवी चूक होती, तर उपकरणाचा उघड बिघाड केवळ १४ टक्के प्रसंगांत आढळला. श्वसननलिकेचा सांधा निसटणे, वायूचा प्रवाह नकळत बदलणे आणि औषधाच्या सिरिंजची अदलाबदल होणे हे प्रकार वारंवार घडत होते.

या आकड्यांचा अर्थ लावताना घाई झाल्यास इतिहास उलटा वाचला जाईल. ८२ टक्के चुका माणसांच्या, म्हणून दोष माणसांचा, असा निष्कर्ष वरवर सुचतो. परंतु जे सांधे सहज निसटतात, ज्या मुठींना नुसता कोपर लागला तरी प्रवाह बदलतो, ज्या सिरिंज एकमेकींसारख्याच दिसतात, त्यांच्याबाबत होणारी चूक निव्वळ व्यक्तीची म्हणता येईल काय? उपकरण मोडले नव्हते हे खरे. परंतु ते मोडके नसणे आणि ते चालविणाऱ्याच्या हाताला, डोळ्याला व थकव्याला अनुरूप असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. भूल देणाऱ्याला एकट्याला दोषी धरले की चौकशी तेथेच संपते आणि तीच मूठ, तोच सांधा दुसऱ्या रुग्णाची वाट पाहत राहतो. कूपर यांच्या अभ्यासाचे महत्त्व हे की, त्याने चौकशीचा रोख ‘कोणी चुकले’ येथून ‘चूक करणे इतके सोपे का होते’ या दिशेने वळविला.

६. तपासणीचे स्थान

यानंतरच्या दशकांतील सुधारणांकडे एकत्र पाहिले असता त्यांत एक निश्चित दिशा आढळते. सुरक्षिततेची तपासणी सिलिंडरपासून निघून टप्प्याटप्प्याने रुग्णाच्या शरीराजवळ येत गेली. खुंट्यांनी सिलिंडरच्या तोंडाशी तपासणी केली. त्यानंतर प्राणवायूचा दाब कमी झाल्यास इशारा देणारी साधने आली. १९६० च्या दशकातील ‘बोसन’ नावाच्या साधनाचा लाल दिवा बॅटरीवर आणि शिट्टी नायट्रस ऑक्साइडवर चालत असे. बॅटरी उतरलेली असली व तो दुसरा वायूही संपला असला, तर इशारा देणारेच मूक होई. जो बिघाड सांगावयाचा त्याच्याच दाबावर इशारा चालला पाहिजे आणि त्याला बाहेरच्या शक्तीची गरज पडता कामा नये, हा धडा त्यातून मिळाला.

त्यानंतर प्राणवायूचा दाब उतरताच नायट्रस ऑक्साइड आपोआप बंद करणाऱ्या झडपा आल्या. परंतु त्या दाब ओळखत, वायू ओळखत नसत. नळातून चुकून दुसराच वायू आला तरी दाब पुरेसा असल्याने झडप उघडीच राही. पुढे दोन्ही वायूंच्या मुठी साखळीने जोडण्याची युक्ती निघाली. नायट्रस ऑक्साइडच्या मुठीवर चौदा दात्यांचे चक्र, प्राणवायूच्या मुठीवर अठ्ठावीस दात्यांचे. नायट्रस ऑक्साइड वाढविला की प्राणवायूही ओढला जाऊन मिश्रणात त्याचे प्रमाण सुमारे पंचवीस टक्क्यांखाली उतरत नाही. या युक्तीलाही तीच मर्यादा होती. म्हणून यंत्रातून निघणाऱ्या मिश्रणातील प्राणवायू प्रत्यक्ष मोजणारा मापक आवश्यक ठरला.

शेवटचा टप्पा रुग्णाच्या बोटावर आला. जपानमधील निहोन कोहदेन या संस्थेतील अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये नाडीच्या स्पंदनांचा उपयोग करून, त्वचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील प्राणवायूची संपृक्तता मोजण्याचे तत्त्व मांडले. १९८० च्या दशकात पल्स ऑक्सिमीटर शस्त्रक्रियागृहांत आले. त्यांतील एक योजना विशेष उल्लेखनीय आहे. प्रत्येक स्पंदनाबरोबर वाजणारा स्वर संपृक्तता उतरू लागली की खाली उतरतो. भूलतज्ज्ञाचे डोळे रुग्णाकडे, हात औषधाकडे असले तरी कानाला फरक कळतो. एका शतकापूर्वी हैदराबादला ज्या अखंड दक्षतेचा आग्रह धरला गेला, तिला येथे उपकरणाची खरी साथ मिळाली. हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी निरीक्षणाचे किमान नियम १९८६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आपले नियम स्वीकारले. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणी-यादीत ऑक्सिमीटर लावला आहे काय, हा प्रश्न समाविष्ट केला.

या वाटचालीचे फलित आकड्यांत सांगण्याचा प्रयत्न झाला आहे. १९९९ मधील एका अमेरिकन अहवालाने, भुलीमुळे होणारे मृत्यू पूर्वीच्या दहा हजारांत दोन या प्रमाणावरून दोन ते तीन लाखांत एकापर्यंत उतरल्याचे म्हटले. पुढे या आकड्यांवर आक्षेप घेण्यात आले. सुधारणा झाली याबद्दल दुमत नाही, परंतु ती इतकी मोठी आहे काय, याविषयी मतभेद आहेत. शिवाय एकेका उपकरणाचा वाटा निराळा काढणे कठीण आहे, कारण औषधे, प्रशिक्षण आणि नियम हेही याच काळात बदलले.

७. समारोप

या इतिहासाची एक दुसरी बाजू आहे. ती विसरल्यास सुरक्षितता म्हणजे अधिकाधिक गुंतागुंतीची यंत्रे, असा ग्रह होईल. १९५२ मध्ये ऑक्सफर्ड येथे एपस्टाइन आणि मॅकिंटॉश यांनी ई. एम. ओ. नावाचे ईथरचे उपकरण तयार केले. त्यात रुग्णाच्या श्वासानेच हवा ईथरवरून ओढली जाते, आणि तपमान बदलले तरी वाफेचे प्रमाण स्थिर राहावे अशी योजना आहे. सिलिंडर नसल्याने सिलिंडरची अदलाबदल नाही. हवाच श्वासात असल्याने शुद्ध नायट्रस ऑक्साइड जाण्याची भीती नाही. जेथे सिलिंडर वेळेवर पोहोचत नाहीत आणि यंत्र दुरुस्त करणारा कारागीर दूर असतो, तेथे हे उपकरण दीर्घकाळ उपयोगी पडले. धोका अडविणारी रचना चांगली, परंतु धोक्याला जागाच न ठेवणारी रचना त्याहून चांगली, हे या उदाहरणावरून दिसते.

एकंदर विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. प्रथम, भूल देणाऱ्याची दक्षता कधीच अनावश्यक झाली नाही, परंतु केवळ तिच्यावर विसंबणारी प्रत्येक पद्धत केव्हा ना केव्हा अपुरी ठरली. दुसरे असे की, उपकरणाची कोणतीही युक्ती ज्या चुकीसाठी घडविली तिलाच अडविते. खुंट्या, झडपा, साखळी, मापक या प्रत्येकाच्या पलीकडे एक वाट उघडी राहिली आणि ती पुढच्या अपघाताने दाखवून दिली. तिसरे, या सुधारणांचे बहुतेक श्रेय अपघातांच्या प्रामाणिक नोंदींना आहे. जेथे शिक्षेच्या भीतीने चूक लपविली जाते, तेथे उपकरण सुधारण्याचा मार्गही बंद होतो. भूलयंत्रावरील प्रत्येक खुंटी व प्रत्येक खाच एका जुन्या अपघाताची साक्ष देते. निजलेला रुग्ण तक्रार करू शकत नाही. त्याच्या वतीने ती तक्रार आधीच ऐकून यंत्राच्या घडणीत बसविणे, हेच या शाखेतील अभियंत्याचे व वैद्याचे समाईक कार्य राहिले आहे.